खटपटीची चौकशी, चढाईची शाबासकी

‘खटपट’ हा आपला रोजचा शब्द १८५१ साली इंग्रजांच्या सरकारी दप्तरात जाऊन बसला, तोही लाचखोरीच्या अर्थाने. बडोद्याचा रेसिडेंट कर्नल जेम्स आउट्रम याने मुंबई सरकारला लेखी कळवले की, दरबारचा पैसा मुंबईच्या कचेऱ्यांपर्यंत पोचतो. सरकारने त्यालाच पदावरून हटवले. १८५४ मध्ये तो पुन्हा त्याच पदावर आला. त्याआधी, सिंधचा घास घेणे अन्यायाचे मानून त्याने लुटीतला आपला वाटा स्वतःसाठी ठेवला नव्हता. कंपनीच्या फौजेत असा अधिकारी विरळाच.

म्हणूनच नंदुरबारच्या वाचकाने या कारकिर्दीचे पहिले पान नीट पाहावे. १८२५ मध्ये बावीस वर्षांचा आउट्रम खानदेशात भिल्ल पलटण उभारायला आला. आधी त्याने डोंगरातल्या भिल्लांवर अचानक छापा घातला, मग नाईकांशी बोलणी लावली, पहाऱ्याशिवाय त्यांच्यात राहिला; तेव्हा पहिले पाच जण भरती झाले. १८३० मध्ये फौज आणि ही पलटण घेऊन तो नवापूरला लागून असलेल्या डांगात शिरला आणि तिथल्या राजांना नमवले. भिल्लाच्या हाती बंदूक देऊन ती भिल्लावरच रोखली गेली. ही मात्र कर्तबगारी ठरली. पैशाला हात लावला तर गैरवर्तन, माणसांवर चालून गेलात तर बढती, अशी ही मोजपट्टी होती.

कोणी म्हणेल, आजच्या काट्याने त्या काळाला तोलू नये. पण सिंधबाबत न्याय-अन्यायाचा काटा खुद्द आउट्रमनेच हाती धरला होता. तो काटा त्या काळी होताच. पलटणीने भिल्लांना पगार आणि मान दिला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि खराही आहे. तरी पगाराने छाप्याचा जाब मिटत नाही. ती मोजपट्टी पुरती मोडलेली नाही. १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली काम करणाऱ्या जवानावर खटला भरायला आजही केंद्राची पूर्वपरवानगी लागते.

त्या छाप्याची हकिकत आपल्याला कळते ती आउट्रमच्या लेखणीतून आणि १८८० सालच्या गोल्डस्मिडकृत चरित्रातून. दुसरी बाजू कागदावर नसेल, तर ती माणसांत शोधावी लागेल. नंदुरबारच्या महाविद्यालयांनी नवापूर, अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर जावे आणि मावची, भिलोरी, पावरी बोलींतल्या जुन्या आठवणी, म्हातारी माणसे आहेत तोवर उतरवून घ्याव्यात.