आजोबांची वही

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक नांदेडला शिकवतो, दुसरा लातूरला. गेल्या दिवाळीत आमच्यापैकी एकाच्या गावी, जुन्या घरातल्या लोखंडी पेटीच्या तळाशी, आजोबांची शाळेतली वही सापडली. वही उजवीकडून उघडणारी. आम्हां दोघांच्या नावापुढे एम. ए. लागते, पण तिच्यातले एक अक्षर आम्हांस लागेना. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती वाचून दाखवली: त्रैराशिकाची उदाहरणे, व्याजाचे हिशेब, थोडा भूगोल. वही उलटी धरली की मात्र मागची चार पाने मराठीत, आजोबांच्याच हातची. कोणाला किती पायली ज्वारी दिली, कोणाकडून किती येणे.

शाळेचे गणित उर्दूत आणि घरचे मराठीत, ही एकट्या आजोबांची तऱ्हा नव्हती. निजामाच्या राज्यात खालच्या वर्गांत मराठीला जागा होती. पुढे जायचे तर उर्दूवाचून वाट नव्हती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले. भारतीय भाषेत आधुनिक ज्ञान मांडता येते हे दाखवणारा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्यांच्या घरी ती भाषा नव्हती, त्या मराठी, तेलुगू, कानडी मुलांनी त्याची किंमत मोजली. हिप्परग्याची १९२१ सालची राष्ट्रीय शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थ शिकवीत, या चाकोरीबाहेरची वाट शोधत होती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि मराठवाड्यातले मूल उर्वरित महाराष्ट्राचेच पुस्तक वाचू लागले. आमचे सारे शिक्षण या बदलाचे फळ आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण आजोबांची लिपी त्यांच्यापाशीच थांबली. ती वडिलांना कोणी शिकवली नाही, आणि आम्हांला तिची उणीव कधी भासलीही नाही.

आज लातूरच्या शिकवणी वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या वह्या पाहतो, तेव्हा तीच वही पुन्हा दिसते. भौतिकशास्त्र इंग्रजीत, आईला पाठवलेला निरोप मराठीत. ज्ञानाची भाषा बदलली, फट तिथेच राहिली.

आणि या फटीत आमचाही हात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमाची फेरमांडणी चालू असता बोली आणि लोकसाहित्याची एक अभ्यासपत्रिका गळाली. श्रेयांकांचे गणित जुळत नव्हते. आम्ही त्या बैठकीत होतो. हरकत घेतली नाही, सही केली.

अभ्यासक्रम वर कुठेतरी ठरतो, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. तो आमच्यासारख्यांच्या सह्यांनीही ठरतो. सध्या आम्ही त्या गुरुजींकडे रविवारी अलिफ-बे गिरवतो. वहीचे पहिले पान आता अडखळत का होईना, लागते. गळालेली अभ्यासपत्रिका परत मागणारे पत्रही लिहून झाले आहे. त्यावर मात्र सही करताना हात कचरला नाही.