पट्टी शोधताना

गेल्या वर्षभरात मी ज्या गाण्यांवर जीव टाकला, त्यांतलं एकही साडेतीन मिनिटांपेक्षा लांब नाही.

मामा गेल्यावर मामीने मिरजेच्या घरातली पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली. "ने बाबा तू. पाकिटांना वाळवी लागलीय." आत ४१ तबकड्या निघाल्या, सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, दहा इंची. बऱ्याचशा नाट्यपदांच्या, काही हिराबाई बडोदेकरांच्या, काही केसरबाई केरकरांच्या. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या सहा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या. त्या सहा मी पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन बसलो.

दर रविवारी एक तबकडी धुवायची, वाजवायची, संगणकावर उतरवून घ्यायची असं ठरवलं. पहिल्याच रविवारी घात झाला. तबकडी मी स्पिरिटने पुसली. या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कापूस काळा झाला आणि ते नाट्यपद पुन्हा कधी नीट वाजलं नाही. मामीला हे सांगायला मला महिना लागला. नंतर पाणी, थेंबभर साबण आणि मऊ ब्रश, एवढ्यावरच भागवलं. सुईही वेगळी आणावी लागली. एलपीची बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते आणि खरखरच जास्त ऐकवते.

खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी हाती आली ती पावसाळ्यात. हीच रेकॉर्ड लहानपणी कानावर पडली आणि पुढे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून गेले, ही हकिकत मामाने मला कितीदा तरी सांगितली होती. तीन मिनिटांत राग मांडायचा म्हटल्यावर त्या काळचे बहुतेक गवई घाईने बंदिशीला हात घालत आणि ताना घेऊन मोकळे होत. खाँसाहेबांना घाई नाही. तो उंच, बारीक, टोकदार आवाज एकेका स्वराशी असा थांबतो, की घड्याळ बघितल्याशिवाय तीनच मिनिटं झाली यावर विश्वास बसत नाही. मला वाटतं, तेवढ्या जागेत विलंबिताचा भास त्यांच्याइतका कुणालाच साधला नाही.

पण ऐकताना मनात एक खोच राहिली. हा आवाज खरा एवढा उंच होता का? तबकडीवर ७८ हा आकडा असला तरी त्या काळची यंत्रं नेमकी तेवढ्याच गतीने फिरत असत असं नाही. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की काळी एक पांढरी दोन होऊन जाते. मागे बारीकशी पेटी ऐकू येते, तिच्यावरून माग काढायचा प्रयत्न केला. ७८ वर पेटीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत होता. ७६ केलं की खालच्या पट्टीवर बसे, ८० केलं की वरच्या. त्यातून जुन्या पेट्या आजच्या मापाने लावलेल्या असतीलच असंही नाही. तीन रविवार त्याच एका ठुमरीत गेले. दोन्ही गतींच्या प्रती करून ठेवल्या. पुढे जाववेना.

तेव्हाच केसरबाईंच्या भैरवीची तबकडी निघाली. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांचं स्वतःचं गाणं आपल्याला ऐकायला मिळत नाही. ते कसं असेल याचा अंदाज त्यांच्या शिष्यांच्या गळ्यावरून बांधायचा, आणि केसरबाईंची तान ऐकली की तो बांधावासा वाटतो. घुमारेदार मोकळा आकार, आणि श्वास कुठे घेतला ते कळू न देणारी फिरत. भैरवीतही तेच वजन. हीच साडेतीन मिनिटं १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवरून अवकाशात गेली. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

हे मला पूर्वीपासून माहीत होतं. या वेळी मात्र यानातल्या त्या तबकडीच्या वेष्टनावरच्या खुणांनी मला खिळवून ठेवलं. तबकडी किती गतीने फिरवायची ते तिथे कोरलेलं आहे. एका फेरीला ३.६ सेकंद, आणि तेही हायड्रोजनच्या अणूच्या मापात, म्हणजे सेकंद ठाऊक नसलेल्यालाही हिशेब लागावा. माणसाची भाषा न कळणाऱ्यासाठीसुद्धा केसरबाईंची पट्टी जपून ठेवली गेली. मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी उरसाला ज्यांच्या नावाने संगीतसभा भरते, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गतीची खूण मला कुठेच सापडत नव्हती.

वर्षश्राद्धाला मिरजेला गेलो. मामाचा चावीचा बाजा केव्हाच भंगारात गेलेला. मामी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी काही न बोलता फोनवर ८० ची प्रत लावली.

"कोण गातंय रे?" तिने आतूनच विचारलं.

"खाँसाहेब."

"आवाज पोरासारखा लागतोय."

मग ७६ ची लावली. बराच वेळ ताटातल्या तांदळाची सळसळही आली नाही. ठुमरी संपली तेव्हा मामी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"चाळीस वर्षं सकाळी चहाबरोबर ऐकलंय मी हे," ती म्हणाली. "हेच. आता परत लाव."