बर्फाचा हिशेब आणि रॉकेल

शिरूर-दौंडकडून हिमालयात चढाईला जाणाऱ्या मुलामुलींनी मुख्य स्टोव्ह म्हणून हवा भरायचा रॉकेलचा स्टोव्हच घ्यावा आणि डबीतला गॅस फक्त शेवटच्या छावणीसाठी राखावा, असं माझं ठाम मत आहे. दुकानात आपण विचारतो, लिटरभर पाणी किती मिनिटांत उकळतं? पण वर पाणी असतंच कुठे, तिथे बर्फ असतो. किलोभर बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. साडेपाच हजार मीटरवर पाणी ८२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे इंधन जवळपास दुप्पट झालं. माणशी रोज ४ लिटर धरा, निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असं माना, तरी दोघांना दिवसाला पाव किलो इंधन हवं. इथे हात आखडला की पाणी कमी प्यायलं जातं आणि अंगातलं त्राणच जातं. १९५२ च्या मे महिन्यात रेमंड लँबेर आणि तेनझिंग यांनी एव्हरेस्टवर ८,४०० मीटरच्या आसपास स्टोव्हशिवाय रात्र काढली, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घसा ओला केला. दुसऱ्या दिवशी त्यांना माघार घ्यावी लागली. ऑक्सिजनची उपकरणं नीट चालत नव्हती हे खरंच, पण तहानलेल्या शरीराचा वाटाही मोठा होता. पुढच्याच वर्षी ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ पग या शरीरशास्त्रज्ञाने भरपूर पाणी पिण्याचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे.

थंडीत गॅस का रुसतो, हे आपल्याकडच्या आचाऱ्यांना ठाऊक असतं. पौष-माघात सिलिंडर मंदावला की ते तो गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. द्रव गॅसची वाफ होताना सिलिंडर आणखी गार पडतो. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वाफ देईनासा होतो. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. मिश्रणाच्या डबीतून प्रोपेन आधी उडतो आणि तळाशी उरतो तो ब्युटेन. रॉकेलला हा त्रास नाही, कारण तिथे दाब आपण पंपाने देतो. यावर जाणकार म्हणतील, उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे गॅस आणखी थंडीतही चालतो. बरोबर आहे, ५,००० मीटरवर ब्युटेनची मर्यादा उणे १६ च्या आसपास जाते. शिवाय गॅसला काकडा लावून बर्नर तापवावा लागत नाही, आणि थकलेल्या हातांना ते मोठं सुख आहे. म्हणूनच शेवटच्या छावणीत मी गॅसच म्हणतो, डबी कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवून. पण आठवडाभर बर्फ वितळवायचा तर रिकाम्या डब्यांचा ढीग होतो, आणि तोही खाली आणावा लागतो.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट निर्णायक आहे. दौंडवरून मनमाडमार्गे उत्तरेकडे थेट गाड्या जातात, पण रेल्वेत गॅस, पेट्रोल, रॉकेल काहीच नेता येत नाही. इंधन पायथ्यालाच घ्यायचं, म्हणून आधी तिथे काय मिळतं ते बघावं आणि मग स्टोव्ह निवडावा. रॉकेल आता इकडे रेशनवरही दिसेनासं झालं, तिकडे कुठून मिळणार, ही शंका रास्त आहे. पण लडाखमध्ये हिवाळ्यात घरं त्यावर ऊब धरतात, सियाचिनवर लष्कराच्या ठाण्यांतही तेच जळतं. तरी जाण्याआधी तिथल्या एजन्सीशी बोलून ठेवावंच. पेट्रोल सगळीकडे मिळतं हे मान्य, पण उणे ४० अंशांतही त्याची वाफ पेट घेऊ शकते. तंबूच्या तोंडाशी मला ते नको वाटतं. रॉकेल कापडातून गाळून भरावं, जादा पिन, निपल आणि पंपाचा वायसर सोबत ठेवावा. आणि स्टोव्ह कोणताही असो, तो पेटलेला असेपर्यंत तंबूची झडप उघडी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने येणारी डोकेदुखी विरळ हवेची म्हणून सहज खपते.