दरवळ आणि भपकारा

मराठी विभागात वीस वर्षे काढली की माणसाला एक सवय जडते. समोर जे येईल त्याला गुण द्यावेसे वाटतात. उत्तरपत्रिका असो, कविता असो, निरोपसमारंभातले भाषण असो वा लग्नातले जेवण. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात शिकवतो आणि एकाच घरात राहतो, त्यामुळे ही सवय सुटण्याऐवजी परस्परांच्या संगतीने बळावतच गेली. गेल्या पावसाळ्यात तीन लहान बाटल्यांनी या सवयीचीच परीक्षा घेतली. त्याची ही हकीकत.

बाटल्या घेऊन आली होती आमची एक माजी विद्यार्थिनी. मराठी घेऊन बी.ए. झालेली ही मुलगी आता घरातल्याच एका खोलीत नैसर्गिक द्रव्यांपासून सुगंध तयार करते. कृत्रिम रसायन वापरायचे नाही, हा तिचा नेम. साहजिकच तिच्या कामाचा सगळा भार फुलांच्या अर्कांवर, म्हणजे या व्यवसायात ज्यांना अ‍ॅब्सोल्यूट म्हणतात त्यांच्यावर असतो. तीन बाटल्यांवर तिने १, २, ३ असे आकडे तेवढे लिहिले होते. तिन्हींत जाईचा अर्क होता. म्हणाली, "सर, मॅडम, तुम्ही आम्हांला रसग्रहण शिकवलंत. आता याचं करा. कोणतं चांगलं, तेवढं सांगा."

आम्ही कागदाच्या पट्ट्या बुडवल्या, हुंगल्या, डोळे मिटले, आणि पाच मिनिटांच्या आत निकाल दिला. क्रमांक दोन. त्याबाबत आमच्यात मतभेदही झाला नाही, हे विशेष. एकचा वास आम्हांला कोंदट वाटला होता. त्यात डांबराच्या गोळ्यांची आठवण होती आणि तिच्या तळाशी काहीतरी अंगाच्या वासासारखे, सांगायला संकोच वाटावा असे. तीन त्याचाच भाऊ, जरा अधिक काळवंडलेला. दोन मात्र स्वच्छ, गोड, प्रसन्न. पट्टी नाकाशी नेताक्षणी जाई म्हणून ओळख पटावी असा.

तिने पट्ट्या गोळा केल्या आणि शांतपणे सांगितले, "दोनमध्ये भेसळ आहे. मीसुद्धा हाच निवडला होता. म्हणून तर फसले."

एक आणि तीन हे तिच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडचे, लागोपाठच्या दोन वर्षांचे अर्क होते. दोन तिने नव्या व्यापाऱ्याकडून घेतला होता. फार स्वस्त नव्हता. थोडाच कमी दराचा होता, आणि म्हणूनच संशय आला नाही. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. तिला राग पैशांचा होताच, पण त्याहून अधिक स्वतःच्या नाकाचा होता. त्या संध्याकाळी ती बराच वेळ बसली आणि तिने आम्हांला जे शिकवले, ते एखाद्या चांगल्या तासासारखे आमच्या स्मरणात राहिले आहे.

प्रथम, अर्क निघतो कसा. जाईचे फूल संध्याकाळनंतर उमलते आणि रात्रभर गंध सोडत राहते. म्हणून तोडणी भल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी. तमिळनाडूत मदुराई, दिंडीगल, सत्यमंगलम या भागांत ही शेती आणि तिला लागून अर्काचे कारखाने आहेत. गुलाबाप्रमाणे वाफेवर ऊर्ध्वपातन करावे, तर जाईला ती उष्णता मानवत नाही. म्हणून फुले हेक्झेनसारख्या द्रावकात बुडवतात. द्रावक उडवून लावला की खाली मेणासारखा लगदा उरतो. त्याला काँक्रीट म्हणतात. सिमेंटशी त्याचा संबंध नाही. हे काँक्रीट अल्कोहोलमध्ये खळबळून, गार करून, गाळून मेण वेगळे काढतात. मग अल्कोहोलही उडवले की उरते ते अ‍ॅब्सोल्यूट. हजार किलो फुलांतून सुमारे अडीच-तीन किलो काँक्रीट मिळते, आणि त्याच्या साधारण निम्मे अ‍ॅब्सोल्यूट. किलोभर जाईत आठ-दहा हजार फुले असतात. ती सगळी हातांनी, एकेक करून खुडलेली. भेसळीचा मोह कोठून येतो, हे कळायला याहून अधिक काही नको.

मग परीक्षा. अर्क बाटलीतून थेट हुंगायचा नाही, हा पहिला नियम. इतक्या दाट अवस्थेत कोणताही गंध स्वतःची ओळख देत नाही. अल्कोहोलमध्ये तो दहा टक्के, मग एक टक्का असा पातळ करायचा. आम्हांला ज्या डांबरगोळीने दूर लोटले, ती इंडोल या द्रव्याची. जाईत ते निसर्गतःच असते. दाट असता त्याला दर्प असतो. पातळ होताच तोच दर्प फुलाचा होतो. तिने एक क्रमांकाचा अर्क पातळ करून दिला, तेव्हा आमची डांबरगोळी कोठे गेली ते आम्हांला सांगता आले नाही. जाई मात्र समोर होती.

दुसरा नियम वेळेचा. पट्टी लगेच हुंगायची, दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्येक वेळी जे जाणवेल ते लिहून ठेवायचे, आणि नाव न पाहता. मधून मधून स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे थकलेले नाक ठिकाणावर येते. एका बैठकीत तीन-चारपेक्षा अधिक नमुने घ्यायचे नाहीत. आम्ही निमूटपणे लिहीत गेलो. दोनचा आरंभ झळाळता होता, पिकल्या केळ्याच्या गोडीचा. तासाभरात तो विरळ झाला. सकाळी पट्टीवर उरली होती एक सपाट गोडी आणि बराचसा कागद. एक मात्र आरंभी मिटलेला होता. अर्ध्या तासाने उलगडू लागला, त्यात कोऱ्या चहासारखे काहीतरी आले, आणि सकाळी पट्टीवर मध, वाळले गवत आणि उबदार कातडी यांच्या मधला काही वास होता. त्याला अजूनही आम्हांला नीट शब्द सापडलेला नाही.

तिसरी परीक्षा यंत्राची. गॅस क्रोमॅटोग्राफीत अर्कातले घटक वेगवेगळे होऊन एकामागून एक बाहेर पडतात आणि त्यांचा आलेख मिळतो. तिने दोन क्रमांकाचा आलेख काढवून आणला होता. बेंझिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल हे जाईतलेच घटक, पण प्रमाणाबाहेर. ते कारखान्यात स्वस्तात तयार होतात. लिनालूलचे रेणू उजव्या-डाव्या हातांसारखे दोन प्रकारांचे असतात. फूल बहुधा त्यांतला एकच प्रकार प्राधान्याने घडवते. प्रयोगशाळेतल्या साध्या पद्धतीत दोन्ही समसमान तयार होतात. येथे ते जवळपास समसमान होते. मात्र आम्हांला सर्वांत विचार करायला लावले ते फायटॉलने. हा जड घटक; त्याला सांगण्यासारखा वासच नाही. खऱ्या अर्कात तो भरपूर असतो, भेसळीच्या अर्कात जेमतेम. ज्याला नुसता परिणाम साधायचा आहे, तो ज्याला वास नाही त्यावर पैसे कशाला घालवील?

येथे आमच्यातला शिक्षक जागा झाला, हे कबूल करायला हवे. कादंबरीतली जी पाने उताऱ्यासाठी कोणी निवडत नाही, ज्यांत केवळ माणसे उठतात, बसतात, पाणी भरतात, त्या पानांची आम्हांला आठवण झाली. ती नसलेली कादंबरी झळकते. दुसऱ्या वाचनाला मात्र टिकत नाही.

या विषयाला आपल्याकडे पूर्वपरंपरा आहे, हे आम्ही तिला सांगितले. तेवढेच आमच्या वाट्याला आले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' अभ्यासकांसमोर आणले. जाणत्याने गंधावर मराठीत टीका लिहावी, असा काळ आपल्याकडे होऊन गेला आहे. आमच्या अभ्यासक्रमात यातले काही नाही. अभिनवगुप्ताचा सहृदय मात्र आहे, आणि तो सतत परिशीलनानेच घडतो, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' मधल्या संवादलय, विरोधलय आणि समतोललय या संज्ञाही लिहितो. जाईच्या गोडीला तिच्यातल्याच दर्पाचा विरोध हवा असतो, हे मात्र आम्हांला एका पट्टीने शिकवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अंगणातल्या वेलाखाली उभे राहिलो. ताज्या फुलात क्रमांक दोनची गोडी होती, हे खरे. पण तबकात ठेवलेली तीच फुले संध्याकाळी कडेने तपकिरी झाली, तेव्हा त्यांतून एकचा तो संकोचाचा वास येऊ लागला. म्हणजे तो फुलात पहिल्यापासून होता. आम्ही फूल तेवढा वेळ कधी जवळ ठेवले नव्हते. अर्क म्हणजे हुबेहूब फूल नव्हे, हेही ती म्हणाली होती. द्रावक उडताना फुलाचे काही हलके गंध त्याच्याबरोबर निघून जातातच. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना जसे काही सुटते, तसे. प्रश्न असतो तो उरलेले त्या फुलाशी इमान राखते की नाही याचा.

मराठीत वासाला शब्द पुष्कळ आहेत. दरवळ आणि भपकारा हे त्यांतले दोन. दोन्हींत गंध तीव्र असू शकतो; फरक काळाचा आहे. भपकारा एकदम येतो आणि येऊन संपतो. दरवळ राहतो. शब्द आम्हांला ठाऊक होते. पाच मिनिटांच्या निकालात मात्र आम्ही एकाला दुसरे समजून बसलो.

हे सगळे येथवर गमतीचे होते. रात्री बोलता बोलता आम्हांला एक मुलगा आठवला आणि गंमत संपली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन आमच्याकडे होते. एका मुलाने वडिलांवर लेख दिला होता. वडील चामडे कमावण्याच्या कामावर होते. ते संध्याकाळी घरी येत, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला येणारा वास, दोरीवर वेगळा टांगलेला तो सदरा, आणि लहानपणी त्यात तोंड खुपसून झोपल्याची आठवण, असा एक परिच्छेद त्यात होता. लेख चांगला आहे, असे आम्ही त्याला सांगितले. तो परिच्छेद तेवढा गाळावा, असेही सांगितले. 'अनावश्यक तपशील' असा शेरा आमच्यापैकी एकाने लाल शाईत लिहिला आणि दुसऱ्याने त्याला मान डोलावली. त्या वर्षी आम्ही वर्गात दलित साहित्याचा पेपर शिकवत होतो. प्रस्थापित अभिरुचीने काय काय नाकारले, यावर आमची टिपणे तयार होती.

मुलाने परिच्छेद गाळला. वाद घातला नाही. लेख छापून आला, प्राचार्यांनी कौतुकही केले. पुढच्या वर्षी आम्ही लेख मागितला, तेव्हा तो "बघतो सर" म्हणाला आणि आला नाही.

अंकाची प्रत आम्ही कपाटातून काढून पुन्हा वाचली. लेख स्वच्छ आहे, गोड आहे, प्रसन्न आहे. आमच्या निवडीचा आहे. मूळ हस्तलिखित आमच्याकडे नाही. परिच्छेद आम्हांला आठवतो तो जेवढा वर सांगितला तेवढाच, आणि त्याचे शब्द आमचे आहेत, त्याचे नव्हेत.

विद्यार्थिनीने जाताना क्रमांक एकची बाटली आमच्याकडे ठेवली. तपासणी केंद्रावर जाण्याच्या दिवसांत आम्ही ती हुंगतो, असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण खरे होणार नाही. तेथे एका उत्तरपत्रिकेला मिनिटे मोजूनच मिळतात, आणि आम्हीही ती मोजूनच देतो. बदल एवढाच झाला आहे की, अंकासाठी आलेला मजकूर आम्ही आता त्याच दिवशी परत करत नाही. रात्रभर ठेवतो, सकाळी पुन्हा वाचतो. जेथे नाक मुरडावेसे वाटले होते, तेथे पेन्सिलीने बारीक खूण करतो. लाल शाई वापरत नाही.

त्या मुलाचा पत्ता कार्यालयातल्या जुन्या नोंदवहीत सापडला आहे. पत्र लिहून ठेवले आहे. परिच्छेद त्याच्याकडे असेल, तर आम्हांला तो हवा आहे, असे त्यात लिहिले आहे. छापण्यासाठी की केवळ वाचण्यासाठी, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा. पत्र अजून टाकलेले नाही.