नगरचा तरंगणारा रणगाडा अन् माझी रुतलेली ट्रॉली

आजची नोंद वावराचीच आहे, पण सुरू होते अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या नगरच्या, रणगाडा संग्रहालयातून.

परवा पुतण्याला घेऊन तिथं गेलो. लष्कराचं हे संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. सगळे जण मोठ्या तोफांपाशी फोटो काढत होते, मी मात्र एका बसक्या, रुंद रणगाड्यापाशी अडकलो. पीटी-७६. रशियन बनावट, वजन १४ टन, म्हणजे आपल्या दोन टनी ट्रॅक्टरच्या सातपट. अन् हे धूड नदीत तरंगते!

पुतण्या म्हणे, "काका, एवढं लोखंड बुडत कसं नाही?"

म्हटलं, "रिकामं पिंप विहिरीत बुडते का? तसंच."

पोटात पोकळी ठेवली, की १४ टनाचं वजन १४ हजार लिटर पाणी बाजूला सारते अन् वर राहते. मागून दोन जेट पाणी फेकतात, त्या जोरावर ताशी १० किलोमीटरनं नदी कापायची. आपले जवान त्याला 'पिप्पा' म्हणत, म्हणजे तुपाचा डबा. नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरीनं याच पिप्प्यांवर पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांना हरवलं. पण तरंगणं फुकट मिळत नाही. वजन कमी ठेवायचं म्हणून पत्रा पातळ. बाजूनं जड मशीनगनची गोळीही आत शिरू शकते.

मला खरी भुरळ पडली ती त्याच्या रुंद पट्ट्यांची. १४ टन वजन त्या पट्ट्यांवर पसरते, म्हणून जमिनीवर दाब चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच. चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली साधारण तेवढाच असतो. ट्रॉलीच्या टायरात आपण ४०-४५ ची हवा भरतो, म्हणजे दाब तीन किलोच्या आसपास. रणगाड्याच्या सहापट! तिथंच मला माझं वावर आठवलं.

दोन सालाआधी ऑक्टोबरात पाऊस उघडेना. सोयाबीनची गंजी भिजेल या भीतीनं वाफसा नसताना भरलेली ट्रॉली काळ्या रानात घातली. बाबा बांधावरून ओरडत होते, "वल्ल्या वावरात भरेल ट्रॉली घालाची नसते, सांगून ऱ्हायलो ना!" ऐकलं नाही. ट्रॉली रुतली, दुसरा ट्रॅक्टर लावून ओढली. माल वाचला. पण हरभरा पेरला तर चाकोरीचे दोन पट्टे पिवळे, खुरटे. झाड उपटून पाहिलं, मुळी वीतभर खाली जाऊन आडवी वळलेली. पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथंच साचलं. एका संध्याकाळची घाई दोन हंगाम भोगली.

दुसऱ्या महायुद्धातल्या 'डक' या अमेरिकन तरत्या ट्रकात ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करू शके. वाळूत कमी, रस्त्यावर जास्त. आपल्याकडं ती सोय नाही. अन् हवा कमी केली तरी खोलवरचा दाब एकूण वजनावर ठरतो, हेही खरं. म्हणून यंदा ठरवलंय:

१. वीतभर खालची माती हातात वळून पाहायची. वात वळली, तर ट्रॅक्टर बांधावर.
२. ट्रॉली धुऱ्यावरच उभी. माल डोक्यावर नाहीतर बैलगाडीनं, थोडा थोडा.
३. आत जावंच लागलं, तर एकच चाकोरी. सगळं वावर तुडवायचं नाही.

मजुरी वाढेल, हे माहीत आहे. पिप्प्यानंही तरंगण्याची किंमत मोजलीच होती.

घरी येऊन बाबांना फोटो दाखवला, दाबाचा हिशोब सांगितला. ते म्हणाले, "हे पाह्याले नगरले जा लागलं का?"

तुमच्या काळ्या रानात ट्रॉलीच्या चाकोरीचा मार किती हंगाम राहिला? जरूर सांगा.