एवढीशीच टेकडी?

परवा बऱ्याच दिवसांनी शीवला उतरलो. पाटीवर मराठीत 'शीव', इंग्रजीत 'सायन'. ते वाचलं आणि ठाण्याच्या आजी आठवल्या.

आजी म्हणजे आमच्या शेजारच्या, बेने इस्रायली. सणाला शाआर हाशामाईमला जायच्या, म्हणजे ठाण्यातल्या 1879 सालच्या सिनेगॉगला. आषाढ-श्रावणात त्यांचा एक कडक उपास असे, 'बिरड्याचा रोजा'. संध्याकाळी उपास सुटला की वालाच्या बिरड्याची वाटी आमच्याकडे यायची. एकदा विचारलं, कशाचा उपास? "अरे, जेरुसलेमला आमचं मंदिर पाडलं ना, त्याचा." मला वाटलं, गेल्या वर्षी पाडलं असेल! पाडलं होतं रोमनांनी, इसवी सन 70 मध्ये.

त्यांचा मुलगा इस्रायलला गेला. त्यानं तिथून फोटो पाठवला, दाविदानं यबूसी लोकांकडून जिंकलेल्या सीयोन गडाच्या जागेचा. आजींनी चष्मा लावून बघितला.

"एवढीशीच टेकडी? आपली दुर्गाडी बरी की!"

तेव्हा हसलो. पुढे वाचलं तर आजी फार चुकल्या नव्हत्या. मूळ सीयोन म्हणजे डोंगराची एक चिंचोळी सोंड, शेजारचा ऑलिव्हचा डोंगर तिच्याहून उंच. पण तीन बाजूंना दऱ्या आणि पायथ्याशी गीहोनचा झरा. सगळी मदार त्या झऱ्यावर. अश्शूरांचा वेढा पडणार म्हणून हिज्कीया राजानं, इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास, खडकातून सुमारे 533 मीटरचं भुयार खणून ते पाणी शहरात आणलं. दुर्गाडीखालीही पाणीच, पण खाडीचं. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं, तेव्हा त्या खाडीत त्यांना आरमार दिसलं.

आणि सीयोन हे नाव तरी कुठं एका जागी राहिलं? गडावरून मंदिराच्या डोंगराला गेलं, मग सगळ्या शहराला, आणि शेवटी पश्चिमेच्या भलत्याच टेकडीला चिकटलं. आज सीयोनचा डोंगर म्हणून तीच दाखवतात. आपलं सायनही पोर्तुगीज काळातल्या पाद्र्यांनी त्यावरूनच ठेवलं, असं एक मत. दुसरं मत, शीव म्हणजे हद्द. मला दुसरं पटतं, कारण इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला तो हद्द राखायलाच. पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी होती. असो.

मुलगा तिकीट पाठवतो म्हणायचा. आजी दरवर्षी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू."

नवरात्रात मात्र आमच्याबरोबर दुर्गाडीला यायच्या. देवळात येत नसत, बाहेर कट्ट्यावर बसत. शेवटच्या वर्षी पायऱ्या चढताना तीनदा थांबल्या. वर आल्यावर पदरानं वारा घेत खाडीकडे बघत बसल्या. मी म्हटलं, आजी, निघू या का?

"थांब रे जरा," म्हणाल्या, "आत्ताच तर पोचलेय."