शिशाची पट्टी

गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ करून द्यायचं मी २०१६ साली कबूल केलं आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडलो. वेळा, वर्गणी, नवी पुस्तकं, संस्थेचा इतिहास असा सगळा मजकूर पानावर चढवला, पण ते दिसत होतं सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं. मग सजवायला बसलो. मागे केशरी रंग, चार तऱ्हेचे फॉन्ट, सरकती पट्टी. महत्त्वाचं ते लाल आणि ठळक. म्हणजे जवळजवळ सगळंच लाल आणि ठळक.

दुपारी पेपर वाचायला एक काका येत. तालुक्याच्या छापखान्यात त्यांनी तीस वर्षं खिळे जुळवले होते. ऑफसेट आलं आणि छापखाना बंद पडला. मी मोठ्या कौतुकाने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पान वरून खाली पाहिलं आणि विचारलं, “ह्यात वाचनालय कुठाय? ही तर जत्रा भरलीय.” मग म्हणाले, “आधी काढायला लाग.”

रंग गेला, पट्टी गेली, एकच फॉन्ट उरला. मथळ्याला रुबाब यावा म्हणून मी अक्षरांत अंतर सोडलं होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. शिरोरेषा जागोजागी तुटली होती. “इंग्रजीला चालतं हे. आपल्यात रेघ तुटली की शब्द फुटला.” पुढे त्यांची नजर ‘ल’वर अडली. “हा हिंदीचा ल. आणि श सुद्धा.” मला तोवर तो फरक कधी दिसलाच नव्हता. दोन्ही वळणं असलेला फॉन्ट शोधला, पानाची भाषा मराठी असल्याचं कोडात नोंदवलं आणि दोन्ही अक्षरं आपल्या वळणावर आली.

दुसऱ्या दिवशी ते खिशातून एक पट्टी घेऊन आले. शिशाची, काळवंडलेली, बोटभर लांब. पडद्यावर दोन ओळींच्या मधे आडवी धरून म्हणाले, “इथं ही घाल. आम्ही हिला लेड म्हणायचो. खिळ्यापेक्षा बुटकी, म्हणून हिला शाई लागत नाही, कागदावर उमटत नाही. पण ही नसली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर बसतात.”

ओळींमधल्या अंतराला इंग्रजीत आजही ‘लेडिंग’ म्हणतात, ते ह्याच शिशावरून. तो शब्द मी शंभरदा वापरला असेन, वस्तू त्या दिवशी हातात आली. कोडात ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट केली. मजकूर पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता, तो आवळून पुस्तकाच्या पानाएवढा केला, दोन्ही बाजूंना भरपूर समास सोडला. “ओळ संपल्यावर डोळ्याला परतीची वाट सापडली पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. मजकुराचा एक शब्दही मी बदलला नव्हता. तरी ग्रंथपालबाई म्हणाल्या, “इतिहास नव्याने लिहिलात का? आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.”

त्यानंतर मी पुष्कळ संकेतस्थळं केली, त्यावर घर चालवलं. कामाला बसलो की आधी काय काढता येईल ते पाहतो. ही सवय कुठल्या कोर्सात लागलेली नाही.

पानाच्या तळाशी काकांचं नाव घालावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी साफ नकार दिला. पुस्तकावर मुद्रकाचं नाव छापणं १८६७ च्या कायद्याने बंधनकारक केलं, जुळाऱ्याचं नाव कुणी कधी मागितलं नाही. “आमचं काम दिसलं नाही तरच ते बरं झालं म्हणायचं,” एवढंच ते बोलले आणि पेपर उघडला.

काका आता नाहीत. पट्टी माझ्या टेबलावर आहे. त्यांचं नाव त्या पानावर नाही, म्हणून इथेही लिहिलेलं नाही.